तिसऱ्या बेसवरचा नवरा

बेसबॉलमध्ये कोचसुद्धा खेळाडूंसारखाच पोशाख घालतो. तीच टोपी, तीच पोटऱ्यांपर्यंत आवळलेली पँट, पाठीवर तसाच भलामोठा नंबर. क्रिकेटमध्ये असं नसतं. तिथे कोच ट्रॅकसूट घालून, काळा गॉगल लावून बाहेर बसतो आणि टीव्हीवर दिसला की अख्ख्या भारताला कळतं, हा कोच आहे, हा आता खेळत नाही. या एका फरकाच्या जिवावर माझ्या नवऱ्याने जवळजवळ वर्ष काढलं.

म्हणजे खोटं तो बोलला नाही. ते त्याला जमत नाही, कान लाल होतात. तो फक्त फोटो पाठवायचा. संपूर्ण पोशाखात, मैदानावर, मागे दुबईच्या इमारती. गावाकडच्या ग्रुपवर लगेच वाघ, सिंह, जळत्या मशाली यायच्या. कोणी विचारायचं नाही की बाबा रे, हातात बॅट का नाही. आणि सगळ्यात शेवटी सासऱ्यांचा व्हॉइस मेसेज यायचा, "खेळतोयस न्हवं? मग झालं."

तो मेसेज माझा नवरा पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि मग बराच वेळ फ्रीज उघडून आत बघत उभा राहायचा.

आपल्याकडे बेसबॉल कोण खेळतं, असं मला माहेरी ठाण्यात सगळ्यांनी विचारलं होतं, लग्न ठरलं तेव्हा. मीही विचारलं होतं. पण खेळतात. साताऱ्याकडे खेळतात, तिकडे विदर्भात खेळतात. खेळाच्या सर्टिफिकेटला दहावीत जादा मार्क असतात, पोलीस भरतीत उपयोग होतो आणि क्रिकेटच्या टीमसाठी जेवढी मारामारी असते तेवढी इथे नसते. नवऱ्याच्या शाळेत पीटीच्या सरांनी टीम काढली तेव्हा पहिला प्रश्न विचारला, चवड्यांवर तासभर कोण बसू शकेल? हा एकटा उभा राहिला. कारण हा पैलवानाचा मुलगा, बैठका मारून मारून मांड्या तयार. तर असा तो कॅचर झाला. कॅचर म्हणजे बॅट धरणाऱ्याच्या मागे, तोंडाला जाळी लावून उकिडवा बसतो तो. पुढून ताशी दीडशेच्या वेगाने चेंडू येत असतो आणि हा आनंदात असतो.

सासऱ्यांना हे मुळीच आवडलं नाही. ते स्वतः तरुणपणी चांगले नावाजलेले मल्ल, गावातल्या तालमीचा त्यांना जिवापाड अभिमान. त्यांना मुलगा मातीत हवा होता. "माती सोडून चवड्यावर बसायला गेलं आमचं पोरगं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. राग पुढे निवळला, पण मॅच बघायला ते कधी गेले नाहीत. आधी रागाने, नंतर मॅच पंजाबात नाहीतर मणिपुरात असायच्या म्हणून, नंतर सासूबाईंच्या आजारपणामुळे. फक्त मुलगा दुबईला निघाला तेव्हा विमानतळावर म्हणाले होते, "एकदा येईन तुजा त्यो खेळ बघाय. त्या दिवशी कायतरी करून दाखव म्हंजे झालं." नवऱ्याने ते वाक्य इमिग्रेशनच्या शिक्क्याइतकं मनावर घेतलं.

दुबईत तो आला गोदामाचा सुपरवायझर म्हणून. सुट्टीच्या दिवशी अमेरिकन मास्तर, जपानी मॅनेजर आणि फिलिपिनो नर्सेस यांच्या एका खिचडी टीममध्ये खेळायचा. मी मनाला समजावलं, चला, काहींचे नवरे सुट्टीला मॉलमध्ये नेतात, माझा नेत नाही. मग इथे चक्क व्यावसायिक लीग सुरू झाली. त्यांना आशियातले अनुभवी खेळाडू हवे होते. एका संध्याकाळी हा घरी आला. मी ओट्याशी भेंडी चिरत होते.

"कॉन्ट्रॅक्ट दिलंय," तो म्हणाला. "प्रोफेशनल."

"किती वर्षांचं?"

"एका सीझनचं."

"आणि सीझन केवढा?"

"थंडीतला. म्हणजे… महिनाभर पकड."

"आणि वर्षातले बाकीचे महिने?"

"इन्शाल्ला, होईल काहीतरी."

मराठी माणूस इन्शाल्ला म्हणाला की ओळखावं, पुढचा काहीच विचार झालेला नाही. पण त्याचा चेहरा असा काही फुलला होता की मी भेंडी तशीच टाकली आणि शारजाच्या रोल्ला बाजारात जाऊन त्याच्या आवडीचं मटण घेऊन आले. कंपनीने बिनपगारी रजा दिली. छत्तिशीच्या पुढे माझा नवरा प्रोफेशनल बेसबॉलपटू झाला. माझ्या ऑफिसातल्या केरळी बाईंना मी हे सांगितलं तेव्हा मला ऊन लागलंय असं समजून त्यांनी नीट पाणी प्यायचा सल्ला दिला.

पहिला सीझन झकास गेला. एकदा त्याने असा काही फटका मारला की दोन रन आल्या. तो व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला आहे की मागे कोण पॉपकॉर्न खात होतं तेही सांगू शकेन. दुसऱ्या सीझनच्या तोंडावर गुडघ्यांनी राजीनामा दिला. इतकी वर्षं उकिडवं बसून दुसरं काय होणार. डॉक्टर म्हणाले, चालायला हरकत नाही, बसायला आहे. टीमच्या अमेरिकन मुख्य कोचने मोठ्या मनाने त्याला सांगितलं, तुझं डोकं चांगलं चालतं, तू आमचा थर्ड बेस कोच हो.

घरी येऊन हा सोफ्यावर पडला. दोन्ही गुडघ्यांवर गोठवलेल्या मटारची पाकिटं.

"कोच," तो छताला म्हणाला. "चाळिशीच्या आत. उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"उंटांच्याच तर देशात राहतोस," मी म्हटलं. "आणि ते मटार मला उद्या पुलावाला हवेत."

तो हसला नाही. एक पाकीट माझ्याकडे सरकवून म्हणाला, "आबांना नको सांगूस. एवढंच."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी त्याला टोमण्याने म्हटलं. त्याने ते धोरण म्हणून स्वीकारलं. आणि वर्ष बरं गेलं, हे कबूल करायला हवं. पुढचा हिवाळा आला, फोटो जात राहिले, वाघसिंह येत राहिले. मग एक दिवस व्हॉइस मेसेजऐवजी सासऱ्यांचा सरळ फोन आला. "ह्या थंडीत येतोय. व्हिजाचं बघ. माजं बी वय झालं, आता ते बघून घ्यायचं म्हनतोय."

फोन ठेवून नवरा पुन्हा फ्रीज उघडून उभा राहिला.

आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात, नवऱ्याचे ते आबा. मामा आले ते एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात बदाम, खसखस आणि घरच्या तुपाची बरणी घेऊन. खसखस इथे आणायला बंदी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ती विमानतळावरच गेली, आणि त्यांचं नशीब की तेवढ्यावर भागलं. पण बदाम आणि तूप पोचलं. दुसऱ्या दिवसापासून अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहाटेच खलबत्ता वाजायला लागला. खेळाडूला खुराक पाहिजे. सीझन तोंडावर आलेला. मामा स्वतः बदाम वाटून, दुधात घालून, वर चमचाभर तूप सोडून तो पेला मुलाच्या हातात द्यायचे आणि संपेपर्यंत समोर उभे राहायचे. माझा नवरा, थर्ड बेस कोच, ज्याला मैदानावर फक्त उभं राहून हात हलवायचे असतात, तो पैलवानाचा खुराक निमूटपणे पीत होता. आठवड्याभरात त्याच्या पँटचं बटण लागेना.

"सांगून टाक ना," मी म्हणायचे.

"मॅच झाल्यावर सांगतो."

"मॅचमध्ये काय ते डोळे मिटून बसणार आहेत?"

"गुडघा दुखला म्हणून आज बसवलं, असं तू सांग."

"मी? मी काहीही सांगणार नाही. तुझा बाप, तुझा गुडघा."

मॅचच्या आदल्या दिवशी मामांना बर दुबईच्या देवळात जायचं होतं. त्या गल्लीत मीना बाजाराकडून शिरलो की उदबत्त्यांचा, झेंडूचा वास येतो आणि मला दरवेळी भूक लागते, का ते माहीत नाही. मामांनी हार घेतला, पेढे घेतले आणि हात जोडून मोठ्याने, म्हणजे मागच्या रांगेतल्या गुजराती बायकांनाही ऐकू जाईल असं, देवाला सांगितलं, "उद्या पोराच्या हातनं एक तरी फटका बसू दे." नवऱ्याने डोळे मिटले होते. कान लालबुंद. परत येताना आम्ही क्रीक ओलांडायला अब्रात बसलो, तर तो त्या लाकडी होडीच्या अगदी टोकाला जाऊन बसला, जणू वेळ पडली तर उडीच मारणार होता. मला त्याची दया आली, आणि रागही. इतक्या साध्या गोष्टीचा हा केवढा डोंगर करतोय, असं वाटत होतं. पण ती साधी नव्हती. तिशी उलटलेली माणसं बापाला काय दाखवायचं ठरवून बसलेली असतात, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

शनिवारी दुपारी मॅच. नवरा सकाळीच गेला होता. तिकिटं त्यानेच काढून दिली होती, पार वरच्या, मागच्या रांगेतली. मामा, मी आणि नऊ वर्षांची लेक असे तिघं बसलो. मामांनी धोतर-कोटावर डोक्याला गुलाबी फेटा बांधला होता. शेजारच्या अमेरिकन बाईने त्यांच्याबरोबर सेल्फी काढला. "थँक्यू, थँक्यू," मामा म्हणाले आणि तिलाही पेढा दिला.

खेळ सुरू झाला. लेक आजोबांना समजावत होती, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी. चार बेस. बॅटने मारायचं, बॅट टाकून द्यायची आणि पळायचं. चारही बेस फिरून परत घरी, म्हणजे बॅटवाला उभा असतो तिथे, आलं की एक रन.

"बॅट टाकून द्यायची?" मामांना ते पटलं नाही. "हत्यार टाकून पळायचं?"

"येस आजोबा. इट्स हेवी."

बराच वेळ गेला. एकेक खेळाडू येऊन बॅट फिरवून गेला. मामा मान पुढे काढून प्रत्येकाच्या मांड्या बघत होते. मुलाला ते मांड्यांवरून ओळखणार होते.

"ह्यो कवा येतोय?" त्यांनी मला विचारलं.

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडण्यात गुंतले.

"आजोबा, बाबा डझन्ट बॅट," लेक म्हणाली. तिला कोणी गुपित सांगितलंच नव्हतं, कारण तिच्या दृष्टीने त्यात गुपित काय होतं. "ही इज द कोच. दॅट्स हिम. देअर!"

तिसऱ्या बेसपाशी, रेषेच्या बाहेर आखलेल्या चौकटीत, माझा नवरा उभा होता. हात कमरेवर. पँट थोडी ताणलेली.

कोच हा शब्द मामांना कळतो. ते काही क्षण बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"म्हंजे खेळत न्हाई."

"नाही, मामा. गेल्या वर्षापासून. गुडघे गेले त्याचे." मग मला राहवेना. "कोच म्हणजे तुमच्या तालमीतले वस्तादच की."

"वस्ताद म्हातारा असतोय, पोरी," मामा म्हणाले. "कुस्त्या जिकून झाल्यावर वस्ताद हुतोय मानूस. ह्येनं काय केलं अजून?"

ते उठले. फेटा सारखा केला. "चल. घरला जाऊ."

मला एकदम संताप आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. दोघांचाही. वर्षभर फोटो पाठवणाऱ्याचा आणि इतकी वर्षं न येता आज आल्याबरोबर उठून जाणाऱ्याचा. "मामा, बसा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "निम्मी कुस्ती बघून कोणी फड सोडतं का? बसा खाली." सासऱ्यांशी मी आयुष्यात असं बोलले नव्हते. लेकीने डोळे मोठे केले. मामा उभेच राहिले, पण गेलेही नाहीत.

तेवढ्यात आमच्या टीमच्या एकाने फटका मारला. दुसऱ्या बेसवरचा एक लांब टांगांचा खेळाडू सुसाट तिसऱ्याकडे निघाला. चेंडू मागे, पार लांब गवतात घरंगळत होता. नवऱ्याने दोन्ही हात वर केले, पंजे उघडे. तो धावणारा तिसऱ्या बेसवर जागच्या जागी थांबला. पुढच्याच क्षणी फिल्डरने फेकलेला चेंडू सणसणत घराच्या बेसवर येऊन पडला. धावत राहिला असता तर मेला असता.

"थांबला," मामा म्हणाले.

"हो."

"चेंडू तर त्याच्या पाठीमागं हुता. त्याला कळलं कसं?"

"त्याला नाही कळत, मामा. तो वळून बघतच नाही. वळलं की वेळ जातो. तो फक्त ह्याचे हात बघतो."

मामा खाली बसले. खिशातून चष्मा काढला. "वळून बी बघत न्हाई?" त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी मला नव्हे, स्वतःलाच. मग म्हणाले, "आमी वस्तादाचं एवडं ऐकलं असतं तर…" आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

तिथून पुढे त्यांनी चेंडूकडे बघितलंच नाही. बॅटवाला काय करतोय, कोण किती पुढे आहे, कशातच त्यांना रस नव्हता. ते तिसऱ्या बेसकडे बघत होते. नवरा कान धरायचा, टोपीला हात लावायचा, छाती पुसायचा, मनगट चोळायचा. "ह्ये काय, मच्छर हायत व्हय तितं?" मामांनी विचारलं. खुणा आहेत, सांकेतिक भाषा आहे, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. तालमीतही असतात, म्हणाले.

शेवटची पाळी आली. आमची टीम एका रनने मागे, आणि दोन जण आधीच बाद झालेले. म्हणजे आणखी एक बाद झाला की खलास. दुसऱ्या बेसवर तोच लांब टांगांचा. फटका बसला, चेंडू डाव्या बाजूला गेला. धावणारा जीव खाऊन तिसऱ्याकडे आला, डोळे माझ्या नवऱ्याच्या हातांवर. मी उभी राहिले. मामाही उभे राहिले. सगळं स्टेडियम उभं राहिलं. नवऱ्याने हात चाकासारखा फिरवला. जा! घरी जा! गुडघे विसरून तो त्याच्या बरोबरीने काही पावलं पळालासुद्धा.

चेंडू आधी पोचला. खेळाडू घसरत आला तेव्हा समोरच्या कॅचरच्या हातात तो तयार होता. आऊट. मॅच गेली.

सगळ्या स्टेडियमने एकदम उसासा सोडला. पुढच्या रांगेतला एक जण इंग्रजीत ओरडला की असा कोच असेल तर शत्रू कशाला पाहिजे. लेकीने माझा हात घट्ट धरला. नवरा लंगडत घराच्या बेसपाशी गेला, मातीत पडलेल्या त्या खेळाडूला हात देऊन उठवला आणि मग सगळ्या टीमकडे तोंड करून स्वतःच्या छातीवर दोनदा हात आपटला. माझं चुकलं. माझं. कोणी न विचारता.

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पार्किंगपर्यंत ते माझ्या पुढे चालत राहिले. गाडीपाशी आम्ही उभे राहिलो. सूर्य नुकताच खाली गेला होता. मी मनात पन्नास वाक्यं जुळवत होते, सगळी नवऱ्याला वाचवणारी, आणि प्रत्येक वाक्य दुसऱ्याहून वाईट होतं.

तो आला. खांद्यावर बॅग, अंगात तो नंबरवाला पोशाख, चेहरा नापास झालेल्या मुलासारखा. बापासमोर येऊन उभा राहिला.

"का धाडलंस त्याला?" मामांनी विचारलं.

नवऱ्याची दुसऱ्याच प्रश्नाची तयारी होती. तो गडबडला. "तो… डावीकडचा फिल्डर. त्याचा खांदा दुखतोय, दुपारपासून बघत होतो मी. फेक कमी पडेल असं वाटलं. नाही पडली."

"परत तशीच येळ आली तर?"

नवऱ्याने विचार केला. खरंच विचार केला, मला दिसलं. "परत पाठवीन," तो म्हणाला.

मामांनी मान डोलावली. नवऱ्याने बॅग खाली ठेवली. "आबा, मी आता खेळत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला खेळून दाखवायचं होतं. राहिलं ते. आता नाही होणार."

"व्हय," मामा म्हणाले. "मला बी बघायचं हुतं. वाईट वाटलं मला. ह्या वयात खोटं कशाला बोलू." त्यांनी गाडीच्या टपावर हात टेकला. मग त्यांनी विचारलं, "उद्या हाय का मॅच?"

"आहे."

"मग तिकीट म्होरल्या रांगेतलं काढ. एवड्या लांबनं तुजं हात नीट दिसंनात."